नेम, तेल आणि मेहुणे

टेनपिन बोलिंग हा खेळ काही काळ बाजूला बसून पाहिल्यास असे आढळून येते की, चेंडू हातातून सुटेपर्यंत खेळाडू जेवढे कष्ट घेतो, त्याच्या कितीतरी पट अधिक कष्ट तो चेंडू सुटल्यानंतर घेतो. चेंडू हातात असताना त्याला दिशा देण्याचे सर्वाधिकार खेळाडूकडे असतात. परंतु त्या मौल्यवान काळात तो पडद्यावर आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, चित्रण करणारा भाचा मोबाइल उभा धरतो आहे की आडवा, आणि भाड्याच्या बुटांची नाडी मागच्या भाडेकरूने नक्की कशी बांधली होती, अशा प्रश्नांत गुंतलेला असतो. चेंडू एकदा सुटला आणि त्याच्यावर जगातील कोणाचीही सत्ता उरली नाही, म्हणजे मात्र पुढील अडीच-तीन सेकंदांत तो सर्व शक्ती एकवटून नेम धरू लागतो.

सुटलेल्या चेंडूवर नेम धरणाऱ्यांचे काही संप्रदाय जाणकारांस वेगळे ओळखता येतात. त्यांतील सर्वांत मोठा संप्रदाय झुकणाऱ्यांचा होय. चेंडू डावीकडे जाऊ लागला की हे साधक उजवीकडे कलतात, एक पाय उचलतात, ओठही त्याच दिशेला मुरडतात, आणि एवढे करूनही चेंडू डावीकडेच गेला तर आपण पुरेसे कललो नाही, अशी हळहळ व्यक्त करतात. दुसरा संप्रदाय चेंडूशी बोलणाऱ्यांचा असून त्यात आज्ञार्थी क्रियापदांचा विपुल वापर आढळतो: ‘वळ, वळ, वळ’, ‘अरे इकडे’, ‘थांब ना मेल्या’. चेंडूला तीन भोके असतात हे खरे असले तरी त्यांपैकी एकही कान नसल्यामुळे या उपदेशाचा परिणाम मर्यादित राहतो. तिसरा संप्रदाय लहान पण अतिशय रुबाबदार आहे. या पंथाचे अनुयायी चेंडू सोडताक्षणी पाठ फिरवतात, बोटांनी केस मागे सारतात आणि प्रेक्षकांकडे चालत येऊ लागतात. आपल्या नेमाचा निकाल त्यांना समोरच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यांवरून वाचावा लागतो, आणि तो वाचताना पुष्कळदा घोटाळा होतो.

‘किती पिना पडल्या?’ असा एका रुबाबदाराने केलेला प्रश्न आणि ‘आपली एक, शेजारच्या लेनवरच्या नऊ’ हे त्याला मिळालेले उत्तर या प्रकारात नमुनेदार मानावे लागेल, कारण टाळ्या त्याने ऐकल्या होत्या आणि मान लववून त्यांचा स्वीकारही केला होता.

नेम चुकतो तो का चुकतो, हे समजण्यासाठी या खेळाची भूमिती पाहणे आवश्यक आहे. ज्या लांबट पट्ट्यावरून चेंडू जातो त्याला लेन म्हणतात. जिच्यापुढे पाऊल टाकता येत नाही त्या फाउल रेषेपासून सर्वांत पुढच्या पिनपर्यंत लेनचे अंतर ६० फूट असते आणि लेनची रुंदी सुमारे ४१.५ इंच असते. ही रुंदी ३९ उभ्या पट्ट्यांमध्ये विभागलेली असते. पूर्वी त्या खरोखरच लाकडाच्या, म्हणजे मेपल आणि पाइन या झाडांच्या असत, आणि आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पृष्ठभागावर त्यांचे केवळ चित्र असते. पलीकडच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात, प्रत्येकीची उंची १५ इंच आणि दोन शेजारणींच्या केंद्रांमधील अंतर १२ इंच. आता कोनमापक घेऊन हिशेब केला तर असे दिसते की, चेंडू सोडताना दिशा एका अंशाने चुकली तर ६० फुटांवर तो सुमारे साडेबारा इंच बाजूला जातो. म्हणजे एका अंशाची चूक ही एका पिनेची चूक होय. लेनच्या मध्यावरून सोडलेल्या चेंडूची दिशा पावणेदोन अंशांनी चुकली, तर तो लेनच्या दोन्ही कडांना असलेल्या पन्हळीत, म्हणजे गटरमध्ये, पडतो आणि एकही पिन न पाडता सन्मानाने मागच्या पडद्याआड जातो. ज्या गृहस्थांना गाडी लावताना मागची भिंत आणि बंपर यांत दोन फुटांचा अंदाज येत नाही, त्यांच्याकडून पावणेदोन अंशांच्या आत राहण्याची अपेक्षा करणारा हा खेळ आहे. तरीही, ‘अगदी थोडक्यात हुकला’ हे वाक्य बोलिंगच्या जागी इतक्या वेळा ऐकू येते, आणि गणिताच्या दृष्टीने ते दर वेळी इतके खरे असते, की त्याबद्दल कोणालाही खोटे ठरवता येत नाही.

या अडचणीवर खेळाच्या शास्त्राने एक उपाय शोधून ठेवला आहे आणि तो लेनवर सर्वांच्या डोळ्यांसमोर रंगवलेला आहे. फाउल रेषेच्या पलीकडे साधारण १२ ते १६ फुटांच्या टप्प्यात सात छोटे बाण असतात, दर पाचव्या पट्टीवर एक, आणि मधला बाण बरोबर विसाव्या पट्टीवर. जाणत्या खेळाडूंचा सल्ला असा की, पिनांकडे पाहूच नये. आपल्याला हवा तो बाण निवडावा, चेंडू त्या बाणावरून जाईल एवढेच पाहावे आणि पुढचे चेंडूवर सोपवावे. साठ फुटांवरच्या वस्तूपेक्षा पंधरा फुटांवरच्या खुणेवर नेम धरणे सोपे, आणि चूक झाली तर ती किती पट्ट्यांची हे तेथे स्पष्ट दिसते, एवढा साधा विचार यामागे आहे. त्यात तर्कदृष्ट्या कोणतीही उणीव नाही. उणीव असलीच तर ती मनुष्यस्वभावात आहे. पिना पांढऱ्याशुभ्र, गळ्यात लाल रेघा ल्यालेल्या आणि प्रखर दिव्यांखाली उभ्या असतात; बाण जमिनीला चिकटलेले आणि तपकिरी असतात. शिवाय पैसे पिनांचे भरलेले असतात.

येथे मेहुणा या संस्थेचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. मॉलच्या वरच्या मजल्यावर बोलिंगसाठी आलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबात एक तरी व्यक्ती अशी असते, जिने हा खेळ पूर्वी एकदा, बहुधा कंपनीच्या सहलीत, खेळलेला असतो. ही व्यक्ती प्रायः यजमानाच्या पत्नीचा धाकटा भाऊ असते आणि तिचे शास्त्रीय ज्ञान अचूक असते, ही यातील खरी शोकांतिका होय. चुकीचा सल्ला देणाऱ्याला गप्प करता येते. बरोबर सल्ला देणाऱ्यापुढे घरातील वडीलधारी माणसे असहाय होतात.

‘भावोजी, पिनांकडे नका बघू, बाणाकडे बघा.’

‘बाण पाडले तर गुण मिळतात का रे?’

‘तसं नाही हो...’

‘मग?’

या ‘मग’पुढे बोलिंगचे संपूर्ण शास्त्र आजवर थांबलेले आहे. क्वचित एखादा भावोजी पत्नीच्या नजरेचा मान राखून बाणाकडे पाहण्यास तयार होतो, आणि मग कोणता बाण हा प्रश्न उभा राहतो. उजव्या हाताच्या खेळाडूने उजवीकडून दुसरा बाण धरावा, अशी नवशिक्यांस सर्वसाधारण शिकवण असते. पट्ट्याही उजव्या हाताचे खेळाडू उजवीकडून आणि डावखुरे डावीकडून मोजतात. परिणामी एका जावयाचा दुसरा बाण हा दुसऱ्या, डावखुऱ्या जावयाचा सहावा बाण ठरतो, आणि ‘दुसरा म्हणजे कुठला दुसरा’ या विषयावर इतका दीर्घ परिसंवाद होतो की, तासाच्या हिशेबाने घेतलेल्या लेनची पंधरा मिनिटे त्यात सहज खर्ची पडतात. अखेरीस निवडलेल्या बाणाकडे भावोजी एवढ्या निष्ठेने पाहू लागतात की, मान खाली, पाठ वाकलेली आणि दृष्टी स्थिर अशा अवस्थेत ते चार पावले टाकतात, पाचवे पाऊल फाउल रेषेच्या पलीकडे ठेवतात आणि तेथे लेनला लावलेल्या तेलावर विनासायास बसते होतात. नियमाप्रमाणे त्या चेंडूचे गुण शून्य धरले जातात. चेंडू मात्र त्या वेळी बाणावरूनच गेलेला असतो, आणि मेहुणा हे मोठ्याने सांगतो.

दिशेचे निम्मे रहस्य पायांत असते, हेही शास्त्रात नमूद आहे. चेंडू सोडण्याआधी चालत येण्याच्या जागेवर, जिला अप्रोच म्हणतात, ठिपक्यांच्या रांगा असतात. सुरुवातीला पाय कोणत्या ठिपक्याशी होता आणि शेवटी घसरत येणारा पाय कोणत्या पट्टीवर थांबला, हे प्रत्येक फेकीनंतर खाली पाहून तपासावे असे सांगितले जाते. सरळ चालत आलो, याबद्दल प्रत्येक खेळाडूची बालंबाल खात्री असते. प्रत्यक्षात चेंडू परत आणून देणारे यंत्र एका बाजूला असल्यामुळे त्यावर गुडघा आपटेल या धास्तीने बहुसंख्य लोक तिरपे चालतात, आणि मधल्या ठिपक्यापासून निघालेला गृहस्थ अप्रोचच्या कडेला येऊन पोचतो. हात तेवढ्यात अनुभवाने शहाणा होऊन चेंडू पुन्हा मध्याकडे फेकतो, तो मध्य ओलांडून पलीकडच्या गटरात जातो, आणि या सर्वाचे खापर चेंडूवर फोडले जाते. पायांकडे पाहण्याचा सल्ला मात्र कोणी मनावर घेत नाही, कारण त्या क्षणी डोळे पिनांकडे, शरीर एका पायावर आणि ओठ उजवीकडे असतात.

चेंडूवर खापर फोडण्यास काही आधार नाही असे नाही. बोलिंगच्या जागी मांडणीवर ठेवलेले चेंडू सर्वांसाठी असतात, आणि जे सर्वांसाठी असते त्यातील भोके कोणाच्याच बोटांची नसतात. चेंडूची वजने सहा पौंडांपासून सोळा पौंडांपर्यंत, म्हणजे पावणेतीन किलोंपासून सव्वासात किलोंपर्यंत असतात. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चेंडू निवडावा असा एक ढोबळ आडाखा आहे. तो ऐकताच आपले वजन चारचौघांत सांगावे लागेल या भीतीने अनेक जण हलका चेंडू उचलतात, आणि मुलींसमोर हलका चेंडू उचलणे कमीपणाचे वाटून महाविद्यालयीन तरुण सोळा पौंडांचा उचलतात. भोक घट्ट असेल तर अंगठा वेळेवर सुटत नाही. चेंडू उशिरा, उंचावरून आणि भलत्या दिशेला जातो आणि लेनवर असा आदळतो की, खालच्या मजल्यावरचा साडीविक्रेता वर पाहतो. भोक सैल असेल तर हात मागे गेलेला असतानाच चेंडू निसटतो आणि प्रेक्षकांत येतो. नेमाच्या दृष्टीने ही फेक पूर्णतः उलटी असली तरी खेळाच्या सर्व फेकींमध्ये तीच अशी असते, जिच्याकडे कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीचे लक्ष असते.

यानंतर चूक दुरुस्त करण्याच्या नियमाकडे वळावे लागेल. हा नियम ऐकणाऱ्यास शत्रूने पसरवलेल्या अफवेसारखा वाटतो: चेंडू डावीकडे चुकला तर पुढच्या वेळी आपणही डावीकडे सरकावे, उजवीकडे चुकला तर उजवीकडे. बाण तोच ठेवून पाय डावीकडे नेले की चेंडूची रेषा बाणापाशी कात्रीच्या पातीसारखी फिरते आणि पलीकडे उजवीकडे उघडते. बाणापर्यंतचे अंतर सुमारे १५ फूट आणि तेथून पिनांपर्यंतचे सुमारे ४५ फूट असल्यामुळे पाय एक पट्टी सरकले तर चेंडू पिनांपाशी विरुद्ध दिशेला साधारण तीन पट्ट्या सरकतो. याच हिशेबावर उरलेल्या पिना पाडण्याची तीन-सहा-नऊ नावाची पद्धत उभी आहे: उजव्या हाताच्या खेळाडूने डावीकडच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पिनेसाठी तीन पट्ट्या, चौथ्या क्रमांकाच्या पिनेसाठी सहा आणि डाव्या कोपऱ्यातल्या सातव्या क्रमांकाच्या पिनेसाठी नऊ पट्ट्या उजवीकडे सरकून उभे राहावे, आणि बाण मुळीच बदलू नये. गणित निर्दोष आहे. परंतु बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना ते समजावून सांगण्यात आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून विचारले, ‘म्हणजे खात्यात तूट आली, की आणखी पैसे काढायचे?’ आणि ते ठामपणे उलट दिशेला सरकले. पुढचा चेंडू पहिल्यापेक्षा तिप्पट चुकला, तेव्हा शास्त्राची सत्यता सिद्ध झाली असे मेहुण्याचे म्हणणे पडले, आणि शास्त्र खोटे असल्याचे सिद्ध झाले असे काकांचे.

नेम अचूक लागला म्हणजे सर्व काही मिळते, हाही एक भ्रम आहे, आणि तो या खेळाने विशेष क्रूरपणे फोडलेला आहे. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर त्याला स्ट्राइक म्हणतात. तो हवा असल्यास पुढच्या पिनेच्या बरोबर छाताडावर चेंडू मारावा, असे कोणत्याही विचारी माणसाला वाटेल. परंतु तसा मारला तर चेंडू मधला रस्ता रिकामा करत जातो आणि दोन्ही कडांना पिना उभ्या राहतात. अशा फुटलेल्या मांडणीला स्प्लिट म्हणतात. चेंडू आदळायला हवा तो पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत, जिला पॉकेट म्हणतात, म्हणजे पुढच्या पिनेच्या मध्यापासून सुमारे अडीच इंच उजवीकडे, आणि तोही थोडा वळत, साधारण सहा अंशांच्या कोनात आत शिरत. नमुनेदार स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः केवळ चार पिनांना स्पर्श करतो, पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा जणी एकमेकींना पाडतात. तात्पर्य असे की, ‘बरोब्बर मध्ये!’ म्हणून कुटुंब ज्या फेकीला टाळ्या वाजवते, त्याच फेकीनंतर सातवी आणि दहावी पिन दोन कोपऱ्यांत, एकमेकींपासून ३६ इंच अंतरावर, अबोला धरल्यासारख्या उभ्या राहतात. ही जोडी एका चेंडूत पाडणे व्यावसायिकांनाही क्वचितच साधते. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक स्पर्धेत मार्क रॉथ या अमेरिकन खेळाडूने १९८० मध्ये प्रथम ती पाडून दाखवली, तेव्हा तो प्रसंग खेळाच्या इतिहासात नोंदवला गेला. मॉलमध्ये मात्र ही जोडी समोर येताच एकही गृहस्थ ‘हे अवघड आहे’ असे म्हणताना आढळत नाही. तो बाह्या वर करतो आणि म्हणतो, ‘थांबा, दाखवतो.’ त्यानंतर चेंडू दोन्ही पिनांच्या मधून, कोणालाही न दुखावता, निघून जातो.

याउलट नेम साफ चुकूनही स्ट्राइक पडतो, असाही योग आहे. उजवीकडच्या फटीत जायचा चेंडू मध्य ओलांडून डावीकडच्या फटीत शिरला आणि दहाही पिना कोसळल्या, तर अमेरिकेत त्याला न्यूयॉर्कच्या भूगोलावरून ‘ब्रुकलिन’ म्हणतात आणि सभ्य खेळाडू अशा वेळी किंचित ओशाळतो. मराठी खेळाडू ओशाळत नाही. ‘हा मुद्दाम तसा टाकला,’ असे तो सांगतो, आणि पुढच्या वेळी तसाच टाकण्याचा आग्रह झाल्यास त्याचा खांदा दुखू लागतो.

वर ज्या तेलाचा उल्लेख आला, त्याचे स्थान या खेळाच्या वाङ्मयात फार मोठे आहे. लेनच्या सुरुवातीच्या साधारण ४० फुटांवर यंत्राने खनिज तेलाचा अतिशय पातळ थर दिला जातो आणि शेवटचे वीस फूट कोरडे ठेवले जातात; तेलावर चेंडू घसरतो आणि कोरड्या भागात पकड घेऊन वळतो. रोजच्या वापरातील लेनवर तेल मध्यभागी जास्त आणि कडांना कमी असते, त्यामुळे थोडा बाहेर गेलेला चेंडू आपोआप आत वळतो आणि थोडा आत आलेला सरळच राहतो. म्हणजे यंत्रानेच खेळाडूच्या चुका पोटात घालण्याची व्यवस्था केलेली असते. मोठ्या स्पर्धांत तेल अधिक सपाट पसरलेले असते आणि ही माया आटते. खेळ चालू असताना चेंडू तेल उचलतात आणि पुढे वाहून नेतात, त्यामुळे सकाळी बरोबर असलेला बाण दुपारी चूक ठरतो. यावरून जाणकार एक आडाखाही बांधतात: तेलाची लांबी फुटांत घ्यावी आणि त्यातून ३१ वजा करावेत, ४० फुटांचे तेल असेल तर ते संपते त्या ठिकाणी चेंडू नवव्या पट्टीच्या आसपास असावा.

कॅरमची पावडर निदान डोळ्यांना दिसते. हे तेल दिसत नाही, सतत बदलते आणि दुसऱ्याने लावलेले असते. सबब म्हणून याहून परिपूर्ण पदार्थ मानवी बुद्धीला अद्याप निर्माण करता आलेला नाही. ‘आज तेल जरा जास्त आहे,’ हे वाक्य पहिला चेंडू गटरात जाताच उच्चारले जाते, आणि दुसराही गेला की ‘आता सुकलंय’ असे म्हणता येते. या प्रतिपादनातील एकच दोष असा की, मांडणीवरचे चेंडू गुळगुळीत प्लॅस्टिकचे असतात आणि ते वळवण्याची कला अवगत नसलेल्या माणसाने सरळ टाकले असता त्यांना तेल आहे की नाही याचा फारसा पत्ताच लागत नाही. तथापि वजाबाकीचा आडाखा वाचून आलेल्या एका उत्साही गृहस्थांनी काउंटरवरच्या मुलाला गंभीरपणे विचारले होते:

‘आज तेल किती फुटांचं आहे?’

‘सर, बुटांचा नंबर सांगा.’

‘नाही, लेनवरचं तेल.’

मुलाने आतल्या मोठ्या साहेबांना विचारून येऊन सांगितले, ‘सर, तेल पुसलेलं आहे, काळजी करू नका. नऊ नंबर चालेल?’ गृहस्थांनी नऊ नंबरचे बूट घेतले, कारण चाळीसमधून एकतीस गेले की नऊच उरतात, आणि योगायोगाला शास्त्रात काहीतरी अर्थ असतो असे त्यांना वाटले. त्यांचा पाय आठ नंबरचा होता.

नेम नसल्यामुळे माणसाचे आयुष्यात काही अडते का, असा प्रश्न येथे विचारला जाऊ शकतो, आणि त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, बोलिंगची सोय १९४७ मध्ये प्रथम झाली. त्या घरात जाऊ इच्छिणारे बराक ओबामा २००८ च्या मार्चमध्ये प्रचारासाठी पेनसिल्व्हेनियातील अल्टूना या गावी बोलिंग खेळले, आणि जेथे बारा स्ट्राइक टाकणाऱ्याला ३०० गुण मिळतात, तेथे त्यांनी सात फ्रेममध्ये, म्हणजे सात पाळ्यांत, ३७ गुण मिळवले. पहिला चेंडू गटरात गेला होता. देशभर त्यावर विनोद झाले आणि नोव्हेंबरात ते निवडून आले. याच्या उलट टोकाला वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअर हे खेळाडू आहेत. त्यांनी व्यावसायिक बोलिंगची ४७ अजिंक्यपदे मिळवली, शिवाय जमिनीत रोवलेल्या खुंटीवर घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळातही ते अनेकदा जगज्जेते ठरले, आणि त्यांच्या अचूकपणामुळे त्यांना ‘डेडआय’ म्हणजे अचूक नजरेचा असे टोपणनाव पडले. त्यांना अध्यक्षपदासाठी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

कुटुंबात सर्वाधिक अचूक नेम कोणाचा, हा प्रश्न बहुधा पहिल्या तासातच निकालात निघतो आणि तो निकाल वडीलधाऱ्यांना रुचत नाही. लहान मुलांसाठी बोलिंगच्या जागी लोखंडी नळ्यांची एक उतरती घसरगुंडी मिळते. तिला रॅम्प म्हणतात. पाच वर्षांची मुलगी हा रॅम्प मधल्या ठिपक्यापाशी मांडते, एक डोळा मिटून त्याचे तोंड बाणाकडे करते, सहा पौंडांचा चेंडू वर ठेवते आणि एका बोटाने ढकलते. तिचा पाय घसरत नाही, अंगठा अडकत नाही, खांदा फिरत नाही. चेंडू गोगलगायीच्या गतीने निघतो, मध्येच थांबेल अशी शंका सर्वांना येते, तोवर मुलीने चिप्सच्या पुड्याकडे आपले लक्ष वळवलेले असते, आणि पलीकडे एकेक पिन विचारपूर्वक आडवी होत जाते. तंत्रज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे, तर नेमातून माणूस वजा केला असता नेम उरतो. ‘ते लहान मुलांचं सोडा हो,’ असे म्हणून भावोजी विषय बदलतात. पण शेजारच्या टेबलावर कोणी पाहत नाही अशी खात्री करून घेतल्यावर ते मेहुण्याला हळूच विचारतात, ‘तो रॅम्प किती किलोपर्यंत चालतो रे?’

या सर्व अडथळ्यांतून एखादा गृहस्थ चिकाटीने पार पडतो आणि त्याचा नेम खरोखरच सुधारतो. तो बोटांच्या मापाने भोके पाडलेला स्वतःचा चेंडू घेतो, स्वतःचे बूट घेतो, भोकात चिकटवायच्या टेपचे तुकडे पाकिटात बाळगतो, आणि एका वहीत प्रत्येक फेकीची नोंद ठेवतो: कुठे उभा राहिलो, कोणत्या पट्टीवरून चेंडू गेला, कुठे आदळला. तो पिनांकडे पाहत नाही, झुकत नाही, चेंडूशी बोलत नाही. प्रश्न त्याच्या आसपासच्या माणसांचा उरतो. लग्नाच्या पंगतीत, जिलेबी वाढली जात असताना, तो शेजारी बसलेल्या अनोळखी वऱ्हाडी पाहुण्याला सांगू लागतो की, गेल्या रविवारी बावीसवरून उभा राहून दहावर सोडत होतो, पण तिसऱ्या गेमला तेल पुढे सरकलं, मग दोन डावीकडे गेलो, तरी दहावी पिन हलेना, शेवटी पाय बघितला तर एकोणीसवर संपत होता. पाहुणा सहानुभूतीने मान हलवतो, थोडा वेळ त्याच्या पायाकडे पाहतो आणि विचारतो, ‘मग आता फिजिओथेरपी चालू आहे का?’